गोलाईतून सुटका

२३ नोव्हेंबर

ही डायरी गेल्या सालची आहे, बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली. तारखा खोडून लिहितोय. शासकीय माणसानं कोरा कागद वाया घालू नये. मे महिन्यात निवृत्त झालो म्हणून काय झालं, चौतीस वर्षं भूकरमापक होतो. लातुरात कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती बोटं घुसली आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा.

लिहायचं कारण असं की आज घरात वाद झाला. सुकन्या, आमची एकुलती एक, वय सव्वीस. पुण्याची नोकरी सोडून दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. आज जेवताना म्हणते, "बाबा, मी इथं एक खेळ सुरू करणार आहे." मला वाटलं कबड्डीचा क्लास. तसं नाही. दोन माणसांनी चिठ्ठी घेऊन गंजगोलाईच्या बाजारात पायी हिंडायचं, कोडी सोडवायची, त्यातून तीन आकडे काढायचे आणि त्या आकड्यांनी एका पेटीचं कुलूप उघडायचं. नव्वद मिनिटांत उघडलं तर सुटलात, नाही तर अडकलात. मोठ्या शहरांत हा खेळ बंद खोलीत चालतो म्हणे, ही उघड्यावर चालवणार.

मी म्हणलं, लातूरकरांना अडकायला रस्त्याची खोदाई पुरते, खेळ कशाला?

तिला त्यासाठी आमची तळमजल्याची खोली पाहिजे. झेरॉक्सवाला गेल्यापासून ती रिकामी आहे. मी तिच्यापुढं तलाठी भरतीचा फॉर्म ठेवला, शेवटची तारीख ३१ डिसेंबर. तिनं तो ताटाखाली सरकवला. आवाज चढले. शेवटी मी पैज लावली. तुझा खेळ मी सोडवला तर तो पोरखेळ, मग गुमान फॉर्म भरायचा. नाही सोडवला तर खोलीची किल्ली तुझी. सुकन्यानं शब्द दिला. आमच्या घरात शब्द दिला की दिला.

उज्वला, माझी बायको, भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "तीन फेऱ्या तरी द्या की. येकदम कसं जमंल?" ती मधे बोलत नाही सहसा. मी म्हणलं, कुणाला जमणार नाही, मला का तिला? ती म्हणाली, "ज्याला द्यायच्या त्याला द्या." तीन फेऱ्या ठरल्या.

२६ नोव्हेंबर

खेळायला दोघं पाहिजेत अशी अट आहे. व्यंकटचा विचार केला. तो माझा मोजणीची साखळी धरणारा जुना माणूस, पण तोंडाचा पट्टा थांबत नाही. म्हणून उज्वलाला घेतलं. ती मला विचार करू देईल.

दोघी मायलेकी दुपारभर स्वयंपाकघरात कागद पसरून बसल्या होत्या. येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, सामानाची यादी करायल्या असतील. मी पाणी प्यायला गेलो तर कागद उलटे केले. सामान जास्त होतंय, मी ओरडेन म्हणून.

३० नोव्हेंबर

पहिली फेरी. हरलो. लिहायला लाज वाटते, पण पंचनामा खरा असावा.

सकाळी दहाला गोलाईत उभे राहिलो. ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी: मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात. सुकन्यानं एक चिठ्ठी मधोमध फाडली, अर्धी मला दिली, अर्धी उज्वलाला. उज्वलानं तिची पिशवीत टाकली. मी म्हणलं असू दे, तिच्याकडं चष्माही नाही. तशी कोडी सगळी माझ्याच अर्ध्यात होती. अक्षर सुकन्याचं नाही, गोल गरगरीत आहे, कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं.

पहिलं कोडं: "सोळा जावा गोल बसल्या, सातवीला शिंका फार. तिच्या पहिल्या दारच्या पायऱ्या मोजा."

सोळा जावा म्हणजे सोळा रस्ते, हे मी तीन सेकंदात ओळखलं. उत्तर दिशा धरली, कारण नकाशा उत्तरेपासूनच वाचतात, आणि सातवा रस्ता काढला. तिथं औषधाचं दुकान. शिंका, सर्दी, औषध. झालं. दुकानाला पायऱ्याच नव्हत्या, एक फरशी होती. मग मी सगळ्या रस्त्यांची औषध दुकानं पालथी घातली. एकूण पायऱ्या एकतीस निघाल्या. एकतीस हा एक आकडा होत नाही.

मी पुढं, उज्वला मागं. मधे एका रस्त्याच्या तोंडाशी ती थांबली आणि शिंकायला लागली. सात-आठ शिंका. मी म्हणलं, स्वेटर घालून यायला काय झालं होतं? ती पदर नाकाला लावून म्हणाली, "थंडी न्हाई हो." मी म्हणलं, चल, वेळ घालवू नको.

नव्वद मिनिटं संपली. पेटी खाजामियाँकडं असते. गोलाईच्या कडेला त्यांची कुलूप-किल्लीची टपरी आहे, वीस वर्षांची ओळख. ते म्हणाले, "साहेब, आप तो अख्खा लातूर मोजला ना? मग आज काय झालं?"

१ डिसेंबर

चहा पिताना एकदम ध्यानात आलं. उज्वला शिंकली त्या रस्त्यावर मिरची विकतात. लाल मिरचीची पोती. तिला सर्दी नव्हतीच. देवळाच्या दारात उभं राहून उजव्या हातानं मोजलं की तो बरोबर सातवा येतो. दर्शन घेऊन पायऱ्या उतरलं की माणूस तिथून मोजतो, उत्तरेपासून कोण मोजतं? हे मला सुचायला एक दिवस लागला, याचं वाईट वाटलं.

उज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं डोकं म्हणजे लईच." मला बरं वाटलं.

७ डिसेंबर

दुसरी फेरी. मिरचीच्या पहिल्या दुकानाच्या पायऱ्या पाच. पहिला आकडा पाच. वेळ लागला अकरा मिनिटं.

दुसरं कोडं: "काचेची विहीर, तिला तळ नाही. हात बुडवल्याबिगर आकडा नाही."

इथं माझं शिक्षण कामाला आलं. गोलाईच्या आसपास किती जुन्या विहिरी बुजवल्या, ते जुन्या नकाशांच्या शीटवरून मला पाठ आहे. एका विहिरीवर आता काचेचं मोठं कापड दुकान आहे. काचेची विहीर. गेलो. मालक म्हणाला, विहीर माझ्या आजोबांनी बुजवली, हात कुठं बुडवता? दुसरीवर मुतारी आहे, तिथं उज्वलानं यायला नकार दिला. तिसरीवर चष्म्याचं दुकान. काच आहे, विहीर होती, पण हात बुडवायला काही नाही. दुकानदारानं माझा नंबर तपासला, वाढलाय म्हणाला.

उज्वला सारखी हातातल्या बांगड्या मागंपुढं करायली होती. किणकिण किणकिण. मी म्हणलं, आवाज बंद कर, मला विचार करू दे. तिनं हात पदराखाली घेतले. परतताना रहमतबीच्या बांगड्यांच्या दुकानावरून गेलो तर ती आतून म्हणाली, "उज्वलाभाभी, आज पन न्हाई काय?" उज्वला म्हणाली, "आज पन न्हाई." बायकांचं काहीतरी देणंघेणं असेल.

वेळ संपली. एक सांगायला हवं. हरलो, पण दिवस वाईट गेला नाही. तिन्ही विहिरींची गोष्ट मी उज्वलाला सांगितली. कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, कुणाचा वाद हायकोर्टात गेला. तिनं सगळं ऐकलं आणि प्रश्नसुद्धा विचारले. ऑफिसात असताना एवढं कधी बोललोच नव्हतो तिच्याशी.

१४ डिसेंबर

दुपारी पडलो होतो, पण डोळा लागत नव्हता. आतल्या खोलीत सुकन्या आईला म्हणत होती, "आई, बाबा जिंकले तर मी खरंच फॉर्म भरणार. शब्द दिलाय. मग चांगलीच तलाठी होईन, बघ." उज्वला म्हणाली, "जिंकू दे की. जिंकायचं तर नीट जिंकतील, न्हाई तर न्हाई."

मला ते लागलं. पोरगी पुण्याहून आली तेव्हा गालफडं बसली होती. आता दिवसभर उन्हात हिंडते, दुकानदारांशी बोलते, दोन घास जास्त खाते. मी डोळे मिटून पडलो आणि विचार केला, मुद्दाम हरावं का? मग वाटलं, नाही. चौतीस वर्षांत कुणासाठी साखळी एक कडीही सैल धरली नाही. लेकीसाठी धरली तर तिच्या खेळाची किंमत काय राहिली? जीव लावून खेळणार. पण मनातून वाटत होतं की कोडं अवघड असावं.

१९ डिसेंबर, येळवस

लातूरजवळ मुरुडला शेतावर. ज्वारी कमरेला आली आहे. कडब्याच्या खोपीत लक्ष्मीची पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आज सगळं लातूर रानात असतं. माझा धाकटा भाऊ पंढरी म्हणाला, "दादा, ऐकलं तुम्ही लातुरात हरवला म्हणं?" सगळ्या भावकीला कळलंय.

उज्वला मोठ्या मडक्यातून आंबील काढत होती. मडक्याचं तोंड अरुंद, म्हणून तिनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. एक बांगडी अडकली, तिनं काढून खाली गवतावर ठेवली. मी ती पाहिली. गोल काच. तळ नाही. हात घातला की घातला.

मी ओरडलो, "विहीर सापडली!" पंढरीला वाटलं बोअरला पाणी लागलं, तो उठून उभा राहिला. उज्वला मात्र हसली. एवढी मोकळी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला काय कळलं कोण जाणे, पण हसली.

सुकन्यानं हातातला उंडा तसाच ठेवला. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार.

२१ डिसेंबर

तिसरी आणि शेवटची फेरी.

पायऱ्या पाच. तिथून थेट रहमतबीचं दुकान. मी म्हणलं, "बाई, आकडा सांगा." ती म्हणाली, "आकडा?" मी म्हणलं, "बांगड्यांचा." ती म्हणाली, "साहेब, हितं पंचनामा न्हाई होत. बांगड्या हात बघून भरतात, तोंड बघून न्हाई." मी उभाच. मग समजलं, हात माझा चालणार नाही. उज्वलाकडं वळलो आणि म्हणलं, "तू हात देतेस का?" ती म्हणाली, "देते की. कवाची वाट बघायली." आणि बसली.

मी दुकानात कधी बसलो नव्हतो, बाहेर घड्याळ बघत उभा राहायचो. आज बघितलं. रहमतबी पंजा दाबून दाबून लहान करते, बोटं जुळवते आणि बांगडी अशी सरकवते की दुखू नये. सहा हिरव्या भरल्या. मग एक वरची, आशीर्वादाची म्हणून. सात. उज्वलानं हात वर करून मला दाखवला. मी म्हणलं, छान दिसतात. रहमतबी म्हणाली, "साहेबानं आज पयल्यांदा बघितलं." दुसरा आकडा सात.

पंचवीस मिनिटं शिल्लक होती. मी जिंकत होतो. समोर सुकन्या खाजामियाँच्या टपरीजवळ स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

तिसरं कोडं माझ्या चिठ्ठीच्या तळाशी: "दोघं आलात, तर तिसरा आकडा घरचाच."

त्याखाली शाईचा एक वळलेला डाग. छपाई चांगली नाही, हे सुकन्याला सांगायला हवं, असं मनात आलं. घरचाच म्हणजे घराचा. घराचा आकडा म्हणजे मिळकत पत्रिकेवरचा सिटी सर्व्हे नंबर. माझ्या घराचा मला तोंडपाठ आहे, शेवटचा आकडा नऊ. पण मनात शंका आली. खेळणारा दरवेळी वेगळा, प्रत्येकाचं घर वेगळं, मग कुलूप एकच कसं? वीस मिनिटं टपरीसमोर येरझाऱ्या घातल्या. उज्वला टपरीच्या सावलीत उभी होती. तिनं पिशवीवर हात ठेवला होता. एकदा म्हणाली, "अहो, काही लागतंय का?" मी म्हणलं, पाणी दे. तिनं पाणी दिलं.

खाजामियाँ म्हणाले, "साहेब, डाव एकच. चुकलं तर चुकलं." दोन मिनिटं उरली. मी पाच, सात, नऊ फिरवलं. कुलूप उघडलं नाही.

सुकन्यानं तोंडावर हात घेतला. मी म्हणलं, "सांग आता, कोणता होता?" तिनं आईकडं पाहिलं. उज्वलानं पिशवीतून तिची अर्धी चिठ्ठी काढली आणि माझ्या अर्धीला लावली. माझ्याकडचा डाग आणि तिच्याकडचा डाग मिळून चार झाला. स्वच्छ चार.

मी तिला म्हणलं, "अगं, मग सांगायचं नाही का? चिठ्ठी पिशवीत घेऊन हिंडत होतीस."

ती म्हणाली, "मागितली असती तर दिली असती."

खाजामियाँ कुलपाला तेल घालायला लागले. घालायची काही गरज नव्हती.

मी खिशातून खोलीची किल्ली काढून सुकन्याला दिली. आधीच खिशात ठेवली होती, का ते मला सांगता येणार नाही. ती भर बाजारात माझ्या गळ्यात पडली. मी म्हणलं, लोक बघायलेत. पण सोडवून घेतलं नाही.

२२ डिसेंबर

उज्वलाला आधी कळलं असतं तर तिनं सांगितलंच असतं, असा मी सकाळपासून विचार करतोय. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा चिठ्ठी तिच्याकडं होती. चहात साखर नव्हती, तेही लक्षात आलं नाही.

२६ डिसेंबर

बोर्ड रंगवायला गुरुपादप्पा पेंटर आला. सुकन्यानं त्याला मजकूर लिहून दिला होता. मी वाचला: "गोलाईतून सुटका. खेळ रचला: उज्वला. चालवते: सुकन्या."

मी पेंटरला म्हणलं, "थांब. नावं उलटी पडलीत." तो ब्रश धरून थांबला.

सुकन्या म्हणाली, "बाबा, बरोबर आहेत. कोडी सगळी आईची. चिठ्ठ्यांवर अक्षर पण आईचंच. मी फक्त दुकानदारांशी बोलले आणि कुलूप आणलं."

गुरुपादप्पा म्हणाला, "साहेब, मग रंगवू का?" मी म्हणलं, रंगव.

गोल गरगरीत अक्षर. किराण्याच्या यादीवर रोज बघतो. तेहतीस वर्षं. यादी वाचली, अक्षर कधी बघितलं नाही.

वर गेलो. उज्वला तूर पाखडत होती. मी म्हणलं, "मिरचीपाशी मुद्दाम शिंकलीस?" ती म्हणाली, "न्हाई, ते खरंच आलं." मी म्हणलं, "आणि बांगड्या?" ती म्हणाली, "ते मुद्दाम. पोरीनं सांगितलं होतं काही बोलायचं न्हाई म्हणून. हात हलवू नको असं काही सांगितलं नव्हतं."

"म्हणजे मी जिंकावं असं तुला वाटत होतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तुम्ही जिंकावं असंबी वाटायचं, पोरीनं जिंकावं असंबी वाटायचं. मी रचलेलं तुम्हाला सुटावं असं तर लई वाटायचं. उदगीरला माझ्या आईनं कोडी घातली की मी पयली सांगायचे. हितं आल्यावर कुणी घातलीच न्हाईत. मग म्हणलं आपणच घालावी."

मला वाईट वाटलं. आणि अभिमानही वाटला, तो जास्त वाटला. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता पाय बाजूला घ्या, तुरीत पडलाय."

३० डिसेंबर

कालपर्यंत चार जोड्या खेळून गेल्या. तीन अडकल्या, एक सुटली. सुटलेल्या दोघी मैत्रिणी होत्या, पहिल्यापासून चिठ्ठी जोडूनच हिंडल्या म्हणे. सुकन्या नवा मार्ग करायचा म्हणते. मी म्हणलं, नकाशा मी काढून देतो. दोघी एका सुरात नको म्हणाल्या. नकाशा दिला तर कोडं कसलं?

संध्याकाळी उज्वला वहीत लिहीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "काय लिहायलीस?" तिनं वाचून दाखवलं: "गुरुवारची पाच वाजता भरते, दहा मिनिटांत रिकामी होते. बसायला जागा न्हाई, पण उठावं वाटत न्हाई."

मी विचार केला. बाजार समिती नाही, ती दहा मिनिटांत रिकामी होत नाही. बसस्टँड नाही. शाळा म्हणावी तर गुरुवारच का? पूर्वीचा मी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं. मी म्हणलं, "मला नाही येत."

"नक्की न्हाई येत?"

"नाही येत. लातुरात कुठंय हे?"

तिनं वही मिटली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला, दावते." आज मंगळवार, तरी निघालो. ती पुढं चालली, मी मागं. ती चांगली भरभर चालते. सहाशे पावलांवर, मी स्वतः मोजलेल्या एका भिंतीच्या आडोशाला, पाणीपुरीचा गाडा होता. भोवती बायकांची सभा भरलेली, सगळ्या द्रोण धरून उभ्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिथं मला भेटल्या. त्या तोंडात पुरी असताना माझ्याकडं बघत राहिल्या.

गाडेवाल्यानं न विचारता उज्वलाचा द्रोण पुढं केला. म्हणाला, "ताई, आज मंगळवारी? आन संगं कोन हाईत?"

उज्वला म्हणाली, "आमचे हे."

त्यानं हातातली पुरी तशीच ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं झालं ताई," तो म्हणाला, "अठरा वर्षं झाली, आमाला वाटलं तुम्ही येकट्याच हाव."

पाणीपुरी फार तिखट होती. मी तिला म्हणलं, आजपासून गुरुवारी मीही येत जाईन, चालेल का? ती म्हणाली, "बाकीच्यांना विचारावं लागंल." उद्या विचारून सांगणार आहे.